जुनी डेल्टा युनिसॉ : निवड, जुळवणी आणि वापर

अमेरिकेत घराला लागून गॅरेज असते आणि लाकूडकामाची हौस जडलेल्या माणसाच्या गॅरेजात पाच-सात वर्षांत मोटारीला जागा उरत नाही. त्या जागेच्या मधोमध जे यंत्र येऊन बसते ते बहुधा टेबल सॉ असते, म्हणजे बिडाच्या सपाट टेबलातून वर डोकावणारी गोल करवत. नवी, चांगल्या प्रतीची टेबल सॉ महाग असते. मात्र शाळांच्या कार्यशाळा, बंद झालेले छोटे कारखाने आणि वडिलोपार्जित तळघरे यांतून बाहेर पडणारी जुनी यंत्रे काहीशे डॉलरांत मिळू शकतात. त्यांपैकी ज्या यंत्राचा मला प्रत्यक्ष अनुभव आहे त्या डेल्टा युनिसॉविषयी येथे लिहीत आहे. त्यातील बरेचसे अन्य जुन्या यंत्रांनाही लागू पडेल.

हर्बर्ट टाउट्झ यांनी १९१९ साली मिलवॉकी येथे सुरू केलेल्या डेल्टा कंपनीने १९३९ साली युनिसॉ बाजारात आणली. त्या काळच्या छोट्या कारखान्यांतील बऱ्याच करवतींत तिरका काप घ्यायचा म्हणजे सबंध टेबल कलवावे लागे आणि जड फळी त्या उतारावर सांभाळत पुढे न्यावी लागे. युनिसॉमध्ये टेबल आडवेच राहते आणि पाते धरणारा आर्बर खालच्या बंद पेटीत कलतो. पाते दहा इंचांचे, आर्बर पाच अष्टमांश इंचाचा, आणि मोटारीपासून आर्बरपर्यंत तीन व्ही-पट्टे, ही मूळ रचना अनेक दशके फारशी बदलली नाही, म्हणूनच सुटे भाग आजही सापडतात. १९४५ साली रॉकवेलने डेल्टा विकत घेतली आणि १९८४ साली ती पेंटेअरकडे गेली. त्यामुळे पुढच्या पाटीवर ‘डेल्टा मिलवॉकी’ आहे, ‘रॉकवेल’ आहे की पुन्हा नुसते ‘डेल्टा’ आहे यावरून यंत्राच्या वयाचा ढोबळ अंदाज येतो. अनुक्रमांक वाचता आला तर हौशी संग्राहकांनी तयार केलेल्या याद्यांवरून साल अधिक जवळून ठरवता येते.

या यंत्राचे लोखंड आजही उत्तम असते, पण सुरक्षेची कल्पना मात्र त्याच्या जन्मकाळचीच असते. पात्याबरोबर वरखाली होणारी रायव्हिंग नाइफ, म्हणजे कापलेली चीर मिटू न देणारी पात्यामागची पट्टी, त्यात नसते, बोटाचा स्पर्श होताच पाते थांबवणारी यंत्रणा (स्टीव्ह गॅस यांच्या सॉस्टॉपने २००४ साली बाजारात आणली ती) नंतर बसवता येत नाही, आणि मूळचे संरक्षक झाकण तर बहुतेक वेळा पूर्वीच्या मालकाने कधीच काढून टाकलेले असते. अमेरिकेत टेबल सॉमुळे जखमी होऊन तातडीच्या उपचारांसाठी रुग्णालयात जाणाऱ्यांची संख्या वर्षाला सुमारे तीस हजार असल्याचा सरकारी अंदाज आहे. म्हणून यंत्र स्वस्तात मिळाले तरी वाचलेल्या पैशांतून स्विच, स्प्लिटर (पात्यामागची तशीच, पण वरखाली न होणारी पट्टी) आणि झाकण यांसाठीची रक्कम आधीच बाजूला काढून ठेवावी. तेवढी तयारी नसल्यास हे यंत्र घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

पाहणी करायला जाताना विजेरी, गुण्या आणि एक चांगली सरळ पट्टी बरोबर न्यावी. वरचा गंज पाहून घाबरू नये, कारण बिडावरचा तांबूस गंज एका दुपारीत निघतो. बिडाला गेलेला तडा मात्र परत येत नाही. म्हणून पेटीचे दार उघडून ट्रनियन, म्हणजे ज्या अर्धवर्तुळाकार ओतीव कमानींवर पाते कलते त्या, आणि पाते वर-खाली करणारे दातेरी भाग प्रकाशात नीट न्याहाळावेत. यंत्र कधी आडवे पडले असेल तर तडा सहसा तेथेच सापडतो. दोन्ही हातचाके टोकापासून टोकापर्यंत फिरवून पाहावीत. जड फिरत असतील तर बहुधा जुने वंगण आणि भुसा यांचा दगड झालेला असतो आणि ते दुरुस्त होण्याजोगे असते. मात्र चाक फिरते आणि पाते हलत नाही, असे असल्यास दाते झिजलेले असण्याची शक्यता असते. प्लग काढलेला असल्याची खात्री करून पाते हाताने धरून बाजूला हलवावे. प्ले, म्हणजे ढिलेपणा, जाणवला तर बेअरिंगे बदलावी लागतील असे गृहीत धरून किंमत ठरवावी. सुरुवातीच्या युनिसॉवर मोटारीसाठी पुढे फुगलेले एक ओतीव झाकण असते, त्याला संग्राहक ‘गूज एग’ म्हणतात. ते हरवलेले असेल तर नुसत्या त्या झाकणासाठी लोक बरीच किंमत मोजतात, एवढे ध्यानात ठेवावे.

मोटारीची पाटी वाचल्याशिवाय पैसे देऊ नयेत. ही चूक मी स्वतः केली आहे. एका शाळेच्या लिलावातून आणलेले यंत्र घरी उतरवल्यावर त्यावर थ्री-फेज असे लिहिलेले दिसले, आणि अमेरिकी घरात तर सिंगल-फेज वीज येते. मोटार टाकून देण्याची गरज पडली नाही. २३० व्होल्टच्या सिंगल-फेज विजेवर चालून थ्री-फेज वीज देणारे व्हीएफडी नावाचे उपकरण बसवले की अशी मोटार उत्तम चालते, शिवाय ती हळूहळू वेग घेते हा फायदाच. मात्र व्हीएफडी आणि मोटार यांच्या मध्ये कोणताही स्विच ठेवू नये. यंत्र सुरू-बंद करण्याची तार उपकरणाच्या नियंत्रण-टोकांनाच जोडावी. जुन्या सिंगल-फेज मोटारी बहुधा कार्बन ब्रश असलेल्या, रिपल्शन-इंडक्शन प्रकारच्या असतात. एक अश्वशक्तीची पाटी पाहून त्यांना कमी लेखू नये, कारण सुरू होतानाचा त्यांचा जोर दांडगा असतो. मोटारीचे बूड खास युनिसॉसाठी घडवलेले असल्यामुळे बाजारातली साधी मोटार तेथे सरळ बसत नाही, म्हणून जुनी मोटार दुरुस्त करून घेणेच बरे. कोणी हे यंत्र जहाजाने महाराष्ट्रात नेण्याचा विचार करत असेल तर आपल्याकडील वीज ५० हर्ट्झची आहे आणि ६० हर्ट्झची मोटार तेथे पाच-षष्ठांश वेगाने, म्हणजे मिनिटाला ३४५० ऐवजी साधारण २८७५ फेऱ्यांनी फिरेल, हेही हिशेबात धरावे.

यंत्राचे वजन चारशे पौंडांहून अधिक असते. टेबलाच्या बाजूची पाखे, फेन्सचे (चिरताना फळी जिला टेकवून ढकलतात त्या सरकत्या आधारपट्टीचे) रूळ आणि मोटार काढूनच ते हलवावे, आणि हातचाकांना धरून कधीही उचलू नये.

घरी आणल्यावर रंग खरवडण्याचा मोह होतो. अमेरिकेत घरगुती रंगांतील शिशावर १९७८ साली बंदी आली. त्याआधीच्या यंत्रावरील रंगात शिसे आहे असेच समजावे, कोरड्या सॅण्डपेपरने तो घासू नये आणि लहान मुलांना त्या कामापासून दूर ठेवावे. टेबलावरील गंजासाठी रॉकेलसारखे हलके तेल व नायलॉनची घासणी पुरते. सुटे लोखंडी भाग धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात विजेच्या साहाय्याने स्वच्छ करता येतात, फक्त त्या टाकीत स्टेनलेस स्टीलचा तुकडा कधी टांगू नये, कारण त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरते. दातेरी भागांवरचा घट्ट मळ पितळी ब्रशने काढावा आणि नंतर तेथे ग्रीस थापू नये. ओल्या ग्रीसला भुसा चिकटतो आणि वर्षभरात आपण पुन्हा मूळपदावर येतो. मेणाचा किंवा कोरड्या वंगणाचा पातळ हात पुरे.

बेअरिंगे काढलीच असतील तर नवी चांगल्या प्रतीची, दोन्ही बाजूंनी बंद असलेली घ्यावीत. क्रमांक जुन्या बेअरिंगावरच कोरलेला असतो. बसवताना आर्बरवर बसणाऱ्या आतल्या कड्यावरच दाब द्यावा. बाहेरच्या कड्यावर हातोडी मारली तर गोळ्यांवर घाव बसतो आणि नवे बेअरिंग पहिल्याच दिवशी घरघरू लागते. तिन्ही पट्टे एकाच वेळी, लांबीने जुळवलेला संच म्हणून विकत घ्यावेत. एक नवा आणि दोन जुने लावले तर सगळा भार नव्यावर येतो आणि बाकीचे दोन नुसते फडफडत राहतात.

विजेचे काम परवानाधारक माणसाकडून करून घ्यावे. कापडी वेष्टनाची जुनी तार दिसली की ती काढून टाकावी. जुना टॉगल स्विच बदलून मॅग्नेटिक स्टार्टर बसवण्याचा आग्रह मी धरतो, कारण साध्या स्विचवर चालणाऱ्या यंत्राची वीज मध्येच गेली आणि आपण विसरून टेबलावर हात ठेवून उभे असताना परत आली, तर पाते आपोआप फिरू लागते. स्टार्टर असल्यास ते पुन्हा बटण दाबेपर्यंत फिरत नाही. बंद करण्याची पट्टी मोठी आणि गुडघ्याने दाबता येईल अशा उंचीवर असावी, कारण दोन्ही हातांत लाकूड अडकलेले असतानाच ती हवी असते.

आता जुळवणी. या यंत्राचा कस येथेच लागतो, आणि युनिसॉ घेतल्याचे समाधानही येथेच मिळते, कारण तिचे ट्रनियन टेबलाला नव्हे तर पेटीला जोडलेले असतात. त्यामुळे आतील जड भाग न हलवता नुसते टेबल सरकवून पाते टेबलावरच्या खाचेला समांतर करता येते. स्वस्तातल्या उघड्या पायांच्या जुन्या यंत्रांत ट्रनियन टेबलाखाली टांगलेले असतात आणि हेच काम पाठीवर झोपून करावे लागते.

प्लग काढून पाते पूर्ण वर घ्यावे. मायटर गेजची, म्हणजे आडव्या कापासाठी फळीला आधार देणाऱ्या सरकत्या मार्गदर्शकाची, जी खाच टेबलात असते तिच्यात घट्ट बसणाऱ्या लाकडी पट्टीवर डायल इंडिकेटर (अगदी सूक्ष्म अंतर काट्याने दाखवणारे मापक) बसवावा. तो नसल्यास पट्टीला एक स्क्रू लावून फीलर गेजनेही (फट मोजायच्या ठरावीक जाडीच्या पातळ पात्यांनीही) काम भागते. पात्याच्या एका दाताला खडूने खूण करावी, तो दात पुढच्या बाजूला आणून खाचेपासूनचे अंतर मोजावे, मग पाते हाताने फिरवून तोच दात मागे न्यावा आणि पुन्हा मोजावे. दात तोच ठेवल्याने पाते किंचित वाकडे असले तरी मोजमाप फसत नाही. दोन अंतरांतील फरक इंचाच्या तीन हजारांशांहून कमी असावा; आपल्या सुतारांच्या हिशेबाने सांगायचे तर एका सुताच्या चाळिसाव्या भागाएवढा. फरक अधिक असेल तर टेबलाचे बोल्ट सैल करावेत, एक मात्र किंचित आवळलेला ठेवावा, आणि त्याच्याभोवती टेबल लाकडी हातोडीच्या हलक्या ठोक्यांनी फिरवावे. बोल्ट आवळताना टेबल पुन्हा सरकते, म्हणून आवळल्यावर परत मोजणे आले. पहिल्या वेळी मला या कामाला सबंध सकाळ लागली होती.

यानंतर पाते ४५ अंशांवर कलवून हीच मोजणी करावी. सरळ उभे असताना समांतर असलेले पाते कलल्यावर समांतर राहिले नाही, तर टेबल आणि ट्रनियन यांची पातळी जुळत नाही असा त्याचा अर्थ होतो, आणि मग टेबलाच्या पुढच्या किंवा मागच्या बोल्टांखाली पातळ पत्र्याचे तुकडे घालून ती जुळवावी लागते. हा टप्पा अनेक जण सोडून देतात आणि पुढे तिरक्या कापाची कड जळते तेव्हा पात्याला दोष देतात. ९० अंशांचा थांबा लावताना गुण्या पात्याच्या पत्र्याला टेकवावा, दातांना नव्हे, कारण दात पत्र्यापेक्षा रुंद असतात.

फेन्स शेवटी जुळवावी. मूळची जेट-लॉक फेन्स पुढे व मागे दोन्हीकडे पकडते, पण झिजल्यावर दरवेळी थोडी वेगळी बसते. ती ठेवायची असेल तर प्रत्येक मोठ्या कापाआधी पात्याच्या पुढे आणि मागे पट्टीने मोजण्याची सवय लावून घ्यावी. विल्यम बिझमायर यांच्या नावाने ओळखली जाणारी टी-आकाराची फेन्स मी पुढे बसवली आणि तेवढ्यापुरता मूळ रूपाचा आग्रह सोडला, याचा मला पश्चात्ताप नाही. कोणतीही फेन्स असो, तिचे मागचे टोक पात्याकडे झुकलेले कधीही चालणार नाही. केसभर बाहेर असले तरी एक वेळ चालेल.

याचे कारण समजून घ्यायला हवे. पात्याचे पुढचे दात लाकूड टेबलावर दाबतात, तर मागचे दात खालून वर येत असतात. कापलेली फळी मागच्या बाजूला पात्यावर आवळली, मग ती फेन्स तिरपी असल्यामुळे असो वा लाकडातील ताण मोकळा होऊन चीर मिटल्यामुळे असो, की ते वर येणारे दात फळीला उचलतात आणि वापरणाऱ्याच्या दिशेने फेकतात. दहा इंची पाते मिनिटाला सुमारे चार हजार फेऱ्या घेत असेल तर दाताचा वेग ताशी १९० किलोमीटरच्या आसपास होतो, आणि फळी निघते तीही जवळपास त्याच वेगाने. यालाच किकबॅक म्हणतात. त्यात फळी पोटात बसते एवढेच नाही; फळीवर ठेवलेला हात तिच्याबरोबर पात्याकडे ओढला जातो, आणि बोटे जातात ती पुष्कळदा अशीच.

यावर उपाय स्प्लिटरचा. पात्याच्या लगेच मागे, त्याच रेषेत उभी असलेली पातळ पट्टी चीर मिटू देत नाही आणि फळीला मागच्या दातांवर चढू देत नाही. मूळचा स्प्लिटर मिळाला तर उत्तमच. न मिळाल्यास पात्याभोवतीची जी सुटी झाकणपट्टी असते ती कठीण लाकडाची नवी करून, तिच्यात पात्याच्या चिरेच्या रेषेवर लाकडी किंवा धातूची पट्टी पक्की बसवावी. तिची जाडी पात्याच्या पत्र्यापेक्षा जास्त पण दातांनी पाडलेल्या चिरेपेक्षा कमी असावी. म्हणून आठवा भाग इंचाची चीर पाडणारे पाते आणि त्याहून पातळ चिरेचे पाते यांना वेगवेगळे स्प्लिटर लागतात. पाते पूर्ण खाली घेऊनही जुन्या यंत्रावर नवी झाकणपट्टी बसत नसेल तर पहिली चीर लहान व्यासाच्या पात्याने पाडावी. पट्टी मागून वर उचलली जाणार नाही, यासाठी तिच्या मागच्या टोकाला टेबलाखाली अडकणारी एक खीळ ठेवावी.

पात्याच्या बाबतीत काटकसर करू नये. रेषांच्या दिशेने उभी चिराई करण्यासाठी २४ दातांचे, आडव्या कापासाठी ६० ते ८० दातांचे, आणि दोन्ही कामे बऱ्यापैकी करणारे ४० ते ५० दातांचे, असे साधारण गणित असते. एक अश्वशक्तीच्या जुन्या मोटारीला दोन इंची ओक किंवा मेपल चिरताना २४ दातांचे धारदार पाते दिले तर ती कुरकुर करत नाही, ८० दातांचे दिले तर लाकूड जळते. सागवानात सिलिका असते, त्यामुळे धार लवकर उतरते. ते काम मी वेगळ्या पात्यावर करतो. आर्बरचा नट सोडताना गोंधळ होतो, त्यासाठी एवढे लक्षात ठेवले की पुरे: पाते ज्या दिशेने फिरते त्याच दिशेने नट फिरवला की तो सुटतो.

प्रत्यक्ष काप घेताना फळीची एक बाजू रंध्याने सपाट व एक कड सरळ केलेली असावीच, कारण हलणारी फळी फेन्सला नीट टेकत नाही. पाते एवढेच वर ठेवावे की दातांमधली खोबण लाकडाच्या वर जेमतेम दिसेल. उभे राहावे ते पात्याच्या रेषेत नव्हे, तर थोडे डावीकडे. पाते आणि फेन्स यांच्या मधला तुकडाच शेवटपर्यंत ढकलावा, बाहेरचा नव्हे. आणि तो सहा इंचांहून अरुंद असेल तर हाताने न ढकलता, टाच असलेल्या लाकडी ठोकळ्याने पात्याच्या पलीकडे नेऊन सोडावा. सुटा पडलेला तुकडा पाते थांबेपर्यंत उचलू नये. हातमोजे घालू नयेत, अंगठी काढून ठेवावी, बाह्या कोपराच्या वर घ्याव्यात. आडव्या कापाला मायटर गेज वापरावा, आणि त्या वेळी फेन्सचा आधार घेऊ नये, कारण तुटलेला तुकडा पाते व फेन्स यांच्यात अडकून उडतो. गेज किंवा फेन्स यांपैकी कशाचाही आधार न घेता मोकळ्या हाताने तर काहीच कापू नये.

जुन्या युनिसॉचे पाते उजवीकडे कलते, ही गोष्ट नव्या मालकाने विशेष लक्षात ठेवावी. याचा एक फायदा असा की आर्बरचे कडे पात्याच्या उजव्या बाजूला असल्यामुळे जाड-पातळ पाते बदलले तरी उजवीकडील फेन्सचे मोजमाप बदलत नाही. तोटा असा की फेन्स नेहमीच्या उजव्या जागी ठेवून तिरका काप घेतला तर कललेले पाते फेन्सकडे झुकते आणि मधला तुकडा त्यांच्या खाली पाचरीसारखा दाबला जातो. अशा कापासाठी फेन्स पात्याच्या डावीकडे न्यावी आणि स्वतः उजवीकडे उभे राहावे. सुरुवातीला हे अवघडल्यासारखे वाटते. चार-सहा टाकाऊ फळ्यांवर सराव करून मगच चांगल्या लाकडाला हात घालावा.

भुशाची सोय जुन्या पेटीत नसते, भुसा तळाशी साचतो. पेटीच्या फटी बंद करून खाली व्हॅक्यूमची नळी जोडता येते, पण मोटारीला हवा मिळेल एवढी जागा सोडावी. अमेरिकेच्या मध्यभागात वसंत ऋतूत गार बिडावर दमट हवेचे पाणी सुटते आणि रात्रीतून गंज चढतो, म्हणून टेबलाला महिन्यातून एकदा सिलिकॉन नसलेले घट्ट मेण लावून पुसावे. सिलिकॉन लाकडावर उतरले की पॉलिश धरत नाही. वर्षातून एकदा पेटी उघडून साफ करण्याचे काम मी खंडेनवमीला करतो, कारण त्या दिवशी हत्यारांची पूजा करायची असतेच. आधी प्लग काढतो, पट्ट्यांचा ताण आणि मोटारीचे ब्रश पाहतो, पात्याची समांतरता पुन्हा मोजतो आणि स्प्लिटर पात्याच्या रेषेत आहे की नाही ते सरळ पट्टी लावून तपासतो, मग झेंडूचे फूल वाहतो.